दहा पौंडांची पावती

५ एप्रिल १८०९ रोजी साउदॅम्प्टनहून लंडनच्या 'क्रॉस्बी आणि कंपनी' या पुस्तकवाल्यांना एक पत्र गेलं. लिहिणाऱ्या बाईंनी नाव दिलं होतं मिसेस ॲश्टन डेनिस. उत्तर घरच्या पत्त्यावर नको होतं, ते साउदॅम्प्टनच्या पोस्टातच ठेवायला सांगितलं होतं. मजकूर साधारण असा: १८०३ च्या वसंतात सीमोर नावाच्या गृहस्थांमार्फत 'सुझन' ही दोन खंडांची कादंबरी तुम्हाला विकली, दहा पौंड तेव्हाच मिळाले. लवकर छापायचं ठरलं होतं. सहा वर्षं झाली, पुस्तक काही बाजारात आलेलं नाही. निष्काळजीपणाने बाड हरवलं असणार, दुसरं कारण मला सुचत नाही. तसं असेल तर दुसरी प्रत मी देऊ शकते. या पत्राची दखल घेतली नाहीत, तर दुसऱ्या कुणाकडे छापायला मी मोकळी आहे असं समजेन.

खाली सही होती एम. ए. डी. ही अक्षरं सलग वाचली की इंग्रजीत 'मॅड' होतं, म्हणजे वेडी, आणि संतापलेलीसुद्धा. सही करणारीला हे कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

उत्तर तिसऱ्या दिवशी, ८ एप्रिलला आलं. सहा वर्षं गप्प बसलेली कंपनी एका धमकीने लगेच जागी झाली. रिचर्ड क्रॉस्बीने लिहिलं होतं: हो, बाड आम्ही घेतलं, दहा पौंड दिले, आणि पूर्ण मोबदला पोचल्याची सीमोर यांची सरकारी छापाची पावती आमच्याकडे आहे. छापण्याची कुठलीही मुदत ठरली नव्हती. छापायला आम्ही बांधील नाही. तुम्ही किंवा आणखी कुणी ते छापलंत, तर विक्री थांबवण्यासाठी आम्ही कारवाई करू. बाड परत हवं असेल, तर जितक्याला घेतलं तितक्याला देऊ.

बाईंनी दहा पौंड भरले नाहीत. बाड आणखी सात वर्षं क्रॉस्बीकडे राहिलं.

मिसेस ॲश्टन डेनिस म्हणजे जेन ऑस्टिन. तेव्हा तिचं वय ३३, लग्न झालेलं नाही आणि नावावर एकही पुस्तक नाही. 'सुझन' म्हणजे आज आपण 'नॉर्दँगर ॲबी' या नावाने वाचतो ती कादंबरी. इंग्लंडवर जॉर्ज नावाच्या राजांचं राज्य होतं त्या, म्हणजे जॉर्जियन काळातल्या लेखिकांचा विषय निघाला की ही हकिगत हमखास सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा एकाच सुरात: बिचारी बाई, दुष्ट पुरुष प्रकाशक. तो सूर मला पटत नाही. क्रॉस्बीने अन्याय केला असेलही, पण तो कोणत्या कागदाच्या जोरावर करता आला, हा प्रश्न मला जास्त खुपतो. म्हणून हे प्रकरण हिशेबाच्या वहीसारखं उघडून पाहायचं आहे.

बाईचं नाव अडलं नव्हतं

आधी एक गैरसमज बाजूला काढू. १८०० च्या आसपास इंग्लंडमध्ये बाईने कादंबरी लिहिणं ही काही अचंब्याची गोष्ट उरली नव्हती. नव्या कादंबऱ्यांमध्ये बायकांचा वाटा पुरुषांच्या बरोबरीचा होता, काही वर्षं तर जास्तच. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरचा 'मिनर्व्हा प्रेस' बायकांच्या कादंबऱ्यांवरच भरभराटीला आला होता. वर्गणी घेऊन पुस्तकं घरी वाचायला देणाऱ्या वाचनालयांना सतत नवा माल लागे आणि लिहिणाऱ्या बायका तो पुरवत. ॲन रॅडक्लिफला १७९४ मध्ये 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'चे ५०० पौंड मिळाले होते. 'सुझन'ची नायिका जिच्यापायी वेडी झाली आहे ती कादंबरी हीच. म्हणजे जी कादंबरी दहा पौंडांना गेली, तिच्यातली पोरगी पाचशे पौंडांची कादंबरी वाचत बसलेली असते.

'सुझन'च्या पाचव्या प्रकरणात लेखिका मध्येच गोष्ट थांबवते आणि कादंबरी या प्रकाराची बाजू घेऊन भांडते. कुणी विचारलं की काय वाचतेस, की पोरी ओशाळून म्हणतात, 'छे, नुसती कादंबरी आहे!' मग ती तीन नावं घेते: 'सिसिलिया', 'कॅमिला', 'बेलिंडा'. तिन्ही बायकांनी लिहिलेल्या. पहिल्या दोन फॅनी बर्नीच्या, तिसरी मराया एजवर्थची. हे सगळं क्रॉस्बीच्या कपाटात पडून होतं.

पुस्तकाच्या धंद्यातही बायका होत्या, फक्त त्यांची नावं पुस्तकावर क्वचित दिसत. नवरा वारला की छापखाना किंवा दुकान विधवेच्या हाती येई, आणि कितीतरी जणींनी ते समर्थपणे चालवलं. सेंट पॉल चर्चयार्डमधलं मुलांच्या पुस्तकांचं दुकान एलिझाबेथ न्यूबेरीने १७८० मध्ये नवऱ्यामागे हाती घेतलं आणि १८०२ पर्यंत सांभाळलं. बांधणीच्या कारखान्यांत छापलेले ताव दुमडून फर्मे शिवायचं काम बायकाच करत. एखादी कादंबरी पुठ्ठ्यात घालून दुकानात येईपर्यंत ती लिहिणाऱ्या बाईच्या आणि शिवणाऱ्या बाईच्या हातांखालून गेलेली असे. करार आणि पैसा मात्र यांच्या मधल्या टप्प्यावर हाताळला जाई, आणि तिथे बहुतेक पुरुष बसलेले असत.

नाव न छापण्याबद्दलही आपण जरा जास्तच हळहळतो. कादंबरीवर नाव न घालण्याची पद्धत पुरुषांतही होती; वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' १८१४ मध्ये निनावीच आली. उलट प्रवासवर्णनावर बाई उघड नाव घालू शके. मुंबईत राहून गेलेल्या, घारापुरी आणि कार्ल्याची लेणी पाहिलेल्या मराया ग्रॅहॅमचं हिंदुस्थानातल्या वास्तव्याचं रोजनिशीवजा पुस्तक १८१२ मध्ये एडिंबरामधून निघालं, ते तिच्या नावानिशी. जेनची पहिली कादंबरी त्याच्या आदल्याच वर्षी बाजारात आली होती.

पावतीत काय होतं

आता व्यवहाराकडे येऊ. १७९७ च्या नोव्हेंबरमध्ये जेनच्या वडिलांनी, हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टनचे पाद्री जॉर्ज ऑस्टिन यांनी, लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाला लिहून पाहिलं होतं: माझ्याकडे तीन खंडांची एक कादंबरी आहे, मिस बर्नींच्या 'एव्हलिना'एवढी, लेखकाच्या जबाबदारीवर छापायला किती खर्च येईल आणि तुम्ही घेतलीत तर किती द्याल? बाड न पाहताच कॅडेलने परतीच्या टपालाने नकार कळवला. वडिलांच्या पत्रात मुलीचं नाव नव्हतं, ती मुलीची कादंबरी आहे हेही नव्हतं.

१८०३ मध्ये वडिलांच्या जागी विल्यम सीमोर आला. तो जेनचा भाऊ हेन्री याच्या कामकाजातला वकील. कुटुंब तोवर बाथला राहायला गेलं होतं. सीमोरने क्रॉस्बीला बाड दिलं, दहा पौंड घेतले, पावती लिहून दिली. क्रॉस्बीने एका वार्षिकात 'सुझन छपाईत' अशी जाहिरातही केली. पुढे काहीच झालं नाही.

जेनच्या पत्रात 'लवकर छापायचं ठरलं होतं' असं आहे. क्रॉस्बीच्या पत्रात 'मुदत ठरली नव्हती' असं आहे. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते. ठरलं होतं ते तोंडी. कागदावर आली ती एक ओळ, पूर्ण मोबदला मिळाल्याची, आणि ती ओळही जेनने लिहिलेली नव्हती. सहा वर्षांनी भांडायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात स्वतःच्या कादंबरीची दुसरी हस्तलिखित प्रत होती, पण करारात ती कुठेच नव्हती. 'या कृतीची लेखिका मी आहे हे मी मान्य करते' असं तिला पत्रात मुद्दाम लिहावं लागलं, आणि तेही खोट्या नावाने! कायद्याच्या नजरेने पाहिलं तर मिसेस ॲश्टन डेनिस या बाईने एकही गोष्ट विकलेली नव्हती.

आणखी एक बारकी गोष्ट. १७१० च्या कायद्याने लेखनहक्काची मुदत १४ वर्षांची होती, आणि ती संपताना लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षं हक्क त्याच्याकडे परत येई. पण मोजणी सुरू होई ती पुस्तक छापून निघालं त्या दिवसापासून. न छापलेल्या बाडाला घड्याळच नव्हतं. क्रॉस्बीने १८०३ मध्ये पुस्तक वाईट छापलं असतं, गाळीव छापलं असतं, तरी जेनचं घड्याळ सुरू झालं असतं. त्याने काहीच केलं नाही आणि त्याचा ताबा मात्र अबाधित राहिला.

दहा पौंड कमी होते, म्हणूनच घात झाला

दहा पौंड ही रक्कम अपमानास्पद वाटते, आणि होतीच. पण धंद्याच्या बाजूने तिचा अर्थ वेगळा आहे. त्या काळी दोन-तीन खंडांची कादंबरी काढायला, म्हणजे खिळे जुळवणं, छपाई, जाहिराती आणि मुख्य म्हणजे कागद धरून, दीडदोनशे पौंडांच्या घरात खर्च येई. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, कागद महाग होता, त्यावर कर होता. एकूण खर्चात सगळ्यात मोठा आकडा कागदाचाच. अशा वेळी हक्काला दहा पौंड घालणं म्हणजे पुस्तक काढण्याच्या खर्चातला सगळ्यात स्वस्त भाग आटोपणं. नंतर बाजार बघून मन बदललं, तर बुडतात फक्त दहा. छापलं आणि खपलं नाही, तर बुडतात दीडशे. क्रॉस्बीने 'सुझन' का छापली नाही हे जेनला कधीच कळलं नाही, तिने तसं लिहूनच ठेवलं आहे. मला वाटतं, न छापणं त्याला परवडत होतं, एवढं कारण पुरेसं आहे.

याचा पडताळा नऊ वर्षांनी मिळतो. नोव्हेंबर १८१२ मध्ये तिने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क टॉमस एगर्टनला ११० पौंडांना विकले. पुस्तक २८ जानेवारी १८१३ ला बाजारात! दोन महिने. ज्याने ११० मोजले आहेत तो बाड कपाटात ठेवत नाही.

आता दुसरी बाजू. हे दहा पौंड १८०९ मध्ये तिने का टाकले नाहीत? वडील असताना तिला स्वतःच्या खर्चाला वर्षाला वीसएक पौंड मिळत. वडील २१ जानेवारी १८०५ ला गेले आणि ती, आई आणि बहीण कॅसँड्रा यांचं घर भावांच्या मदतीवर आलं. आईला आणि कॅसँड्राला मिळून वर्षाला २१० पौंडांचं स्वतःचं उत्पन्न होतं. जेनला काहीही नव्हतं. भावांपैकी कुणी ५०, कुणी १०० असे दर वर्षी घालत. अशा घरातल्या बाईने, स्वतःच लिहिलेली, एकदा विकलेली आणि कुणालाही नको असलेली वस्तू परत घेण्यासाठी दहा पौंड मागायचे कुणाकडे? आणि घेऊन करायचं काय, पुढचा प्रकाशक कुठे होता?

त्याच १८०९ मध्ये लंडनमध्ये दुसऱ्याच कुणाची निनावी कादंबरी 'सुझन' नावाने बाजारात आली. म्हणजे नावही गेलं. तिने आपल्या प्रतीत नायिकेचं बारसं पुन्हा केलं, सुझनची कॅथरीन झाली.

इथे लग्नाचाही एक मुद्दा आहे, आणि तो उलटा लागतो. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्व नव्हतं. तिची कमाई नवऱ्याची, करार नवऱ्याच्या संमतीने. शार्लट स्मिथचं उदाहरण घ्या. पंधराव्या वर्षी लग्न, बारा मुलं, नवरा कर्जापायी लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात. १७८४ मध्ये तिने आपली सुनीतं छापली ती घर चालवण्यासाठी. पुढे नवऱ्यापासून वेगळी राहून कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या, आणि तरी कायद्याने तिच्या मानधनावर पहिला हात त्या नवऱ्याचाच. जेनचं तसं नव्हतं. सज्ञान, अविवाहित बाई म्हणून ती स्वतः करार करू शकत होती. कायदा तिच्या आड आलाच नाही. रिवाज आला: भल्या घरच्या बाईने पुस्तकवाल्याशी पैशाचं बोलायचं नसतं. त्या रिवाजाने सीमोर मध्ये आणला, आणि सीमोरच्या पावतीने १३ वर्षं खाल्ली.

जोखीम स्वतःच्या डोक्यावर

जुलै १८०९ मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर तीन महिन्यांनी, भाऊ एडवर्डने दिलेल्या चॉटनच्या घरात तिघी राहायला गेल्या. तिथे तिने जुनी बाडं काढली. पहिलं निवडलं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'. ते विकलं नाही.

पुस्तक काढायच्या तेव्हा चार वाटा होत्या. हक्क एकरकमी विकणं. नफ्यात भागी. आगाऊ वर्गणी, म्हणजे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात ग्रंथांच्या शेवटी आश्रयदात्यांची यादी छापत तसा प्रकार. फॅनी बर्नीची 'कॅमिला' १७९६ मध्ये अशीच एक गिनी (२१ शिलिंग; पौंडाचे शिलिंग २०) वर्गणीने निघाली, आणि तिच्या वर्गणीदारांच्या यादीत 'मिस जे. ऑस्टिन, स्टीव्हन्टन' हे नाव आहे. वीस वर्षांच्या जेनचं छापून आलेलं नाव पाहायचं तर ते तिथे, दुसऱ्या बाईच्या पुस्तकात. चौथी वाट दलालीची: प्रकाशक खर्च घालतो, विक्रीतून तो वसूल करतो, शिवाय दहा टक्के दलाली घेतो; नफा लेखकाचा, तोटाही लेखकाचाच. हक्क लेखकाकडे राहतात.

तिने चौथी निवडली. प्रकाशक होता व्हाइटहॉलचा टॉमस एगर्टन, ज्याच्या दुकानाचं नाव 'मिलिटरी लायब्ररी' आणि मुख्य माल लष्करी पुस्तकं. तोटा होणारच असं धरून तिने आपल्या तुटपुंज्या पैशातून थोडे बाजूला काढून ठेवले होते, असं हेन्रीने पुढे लिहिलं आहे. ३० ऑक्टोबर १८११ ला तीन खंड निघाले, किंमत १५ शिलिंग, लेखक 'अ लेडी'. नुसती बाई नव्हे, भल्या घरची बाई, एवढीच ओळख.

जुलै १८१३ पर्यंत पूर्ण आवृत्ती संपली. १४० पौंड मिळाले. नौदलात असलेल्या भावाला, फ्रँकला तिने कळवलं: एक-एक प्रत खपली, १४० पौंड आले, शिवाय हक्क माझ्याकडेच, त्याला कधी काही किंमत आली तर! 'प्राइड'चे ११० धरून लिहून लिहून मी अडीचशेपर्यंत पोचले, आणि त्याने आणखी हवंसं मात्र झालंय.

ही बाई पैशाबद्दल बोलताना लाजत नाही. घरच्यांनी पुढे रंगवलेल्या चित्रात ती निरिच्छ, घरगुती, सहज म्हणून लिहिणारी आत्या आहे. पत्रांत ती शिलिंगांपर्यंत हिशेब ठेवते.

मग 'प्राइड अँड प्रेज्युडिस' विकली का? तिला हवे होते दीडशे. एगर्टनने दिले ११०. 'दोघांचंही समाधान होणं शक्य नव्हतं,' असं तिने मैत्रीण मार्था लॉइडला लिहिलं, आणि तिचे व्यवहार पाहणाऱ्या हेन्रीचा त्रास वाचेल हेही एक कारण दिलं. तेव्हा पहिल्या पुस्तकाचा नफा अजून हातात यायचा होता. रोख पैसा समोर दिसला आणि तिने घेतला. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, १८१७ मध्ये तिसरी. तिला त्यातला एक पेनी नाही. तिची सगळ्यात जास्त वाचली गेलेली कादंबरी ही, आणि हक्क सोडलेली एकमेव छापील कादंबरीही हीच.

पुढची 'मॅन्सफील्ड पार्क', मे १८१४, पुन्हा दलालीवर. सहा महिन्यांत संपली, आणि तिला तीनशेहून जास्त पौंड मिळाले. तिच्या हयातीत एका पुस्तकाने दिलेली ही सगळ्यात मोठी रक्कम.

सभ्य लबाड

एगर्टनने 'मॅन्सफील्ड पार्क'ची दुसरी आवृत्ती काढायला नकार दिला तेव्हा ती अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या जॉन मरीकडे गेली. कवी बायरनचा प्रकाशक, लंडनचा मोठा माणूस. मरीने 'एमा'सह 'मॅन्सफील्ड पार्क' आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' अशा तिन्हींच्या हक्कांचे मिळून ४५० पौंड देऊ केले. १७ ऑक्टोबर १८१५ ला तिने कॅसँड्राला कळवलं: मरी लबाड आहेच, पण सभ्य लबाड; शेवटी मीच माझं छापेन असं दिसतंय.

हेन्री आजारी होता. अंथरुणातून त्याने सांगितलेल्या पत्राचा मसुदा उरला आहे. त्यात मरीला खवचटपणे विचारलंय की तुमचा आकडा पाहून माझ्याच हिशेबात काही घोडचूक झाली की काय अशी शंका येते. तुम्ही तिन्हींचे जेवढे देता, त्याहून जास्त माझ्या बहिणीने 'मॅन्सफील्ड'च्या एका मध्यम आणि 'सेन्स'च्या त्याहून लहान आवृत्तीवर मिळवले आहेत. पूर्वीच्या दोन हिशेबांचा आधार नसता तर हे वाक्य लिहिता आलं नसतं.

हेन्रीचा आजार वाढला. मग ३ नोव्हेंबरला जेनने स्वतःच मरीला चिठ्ठी लिहिली: भावाचं आजारपण लांबलंय, या कामाचा निकाल लागावा अशी माझी इच्छा आहे, आपण सोयीच्या दिवशी मला इथे भेटायला यावं, लांबलचक लिहिण्यापेक्षा थोडं बोलून जास्त काम होईल. सीमोरच्या पावतीपासून इथवर यायला बारा वर्षं लागली. या चिठ्ठीवर टोपणनाव नाही.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण हिशेब असा: तिने ४५० नाकारले, 'एमा' दलालीवर काढली, २००० प्रती, किंमत २१ शिलिंग. सोबत 'मॅन्सफील्ड'ची दुसरी आवृत्ती ७५० प्रतींची. 'एमा'ला २२१ पौंड नफा झाला. 'मॅन्सफील्ड' पडली, तोटा १८२. मरीने एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता केला आणि फेब्रुवारी १८१७ मध्ये तिच्या हाती आले ३८ पौंड १८ शिलिंग.

म्हणजे मरीचा आकडा काही लुटारूपणाचा नव्हता. त्याने बाजार तिच्यापेक्षा बरोबर जोखला होता. हक्क हातात ठेवले की जोखीमही हातात राहते, आणि जोखीम कधी तरी चावते. तिने 'एमा'मध्ये चूक केली असं म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही, कारण हातात आलेले पैसे एवढाच हिशेब इथे नाही. पण तिने प्रत्येक वेळी बरोबरच निर्णय घेतला, असं म्हणायलाही वहीत जागा नाही: 'प्राइड' विकायला नको होती ती विकली, 'एमा' विकली असती तर चारशेवर पौंड जास्त दिसले असते.

बाड परत

१८१६ मध्ये, 'एमा' बाहेर पडल्यावर, हेन्री क्रॉस्बीकडे गेला, दहा पौंड टाकले आणि बाड घेऊन आला. व्यवहार पुरा झाल्यावर, ज्या बाडाला तुम्ही कपाटात टाकलंत ते 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या लेखिकेचं आहे असं त्याने सांगून टाकलं, अशी आठवण भाच्याने १८७० मध्ये छापली. घराण्यात घोळून गुळगुळीत झालेली गोष्ट आहे, पण नको म्हणवत नाही.

पैसे तर १८१३ मध्येच होते, अडीचशे. मग तीन वर्षं का थांबली? माझा तर्क असा की क्रॉस्बीची किंमत दहा राहिली ती त्याला विक्रेती कोण हे माहीत नव्हतं म्हणून. नाव फुटलं असतं तर दहाचे शंभर झाले असते. 'अ लेडी' या दोन शब्दांचा इथे तिला रोख फायदा झाला.

परत आलेल्या बाडासाठी तिने एक निवेदन लिहिलं. कादंबरी १८०३ मध्ये पुरी झाली होती, एका पुस्तकवाल्याला विकली, जाहिरातही झाली, पुढे गाडं का अडलं ते लेखिकेला कधीच कळलं नाही; जी वस्तू छापण्याच्या लायकीची वाटत नाही ती कुणाला विकत घेण्याच्या लायकीची वाटावी, हे अजबच. आणि मग वाचकांना विनंती: तेरा वर्षं मध्ये गेली आहेत, ठिकाणं, चालीरीती, पुस्तकं, मतं सगळं बदललं आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचा. क्रॉस्बीचं नाव तिने घातलं नाही.

तरीही तिने ती लगेच दिली नाही. १३ मार्च १८१७ ला भाची फॅनीला लिहिलं की मिस कॅथरीनला सध्या फळीवर ठेवलं आहे, ती कधी बाहेर येईल की नाही सांगता येत नाही. चार महिन्यांनी, १८ जुलैला, विंचेस्टरमध्ये जेन वारली. वय ४१. तिच्या कागदांत एक नोंद सापडते, कादंबऱ्यांच्या कमाईची, आणि तिची सुरुवात आहे 'नेव्ही फाइव्ह्जमध्ये घातलेल्या ६०० पौंडांखेरीज'. नेव्ही फाइव्ह्ज म्हणजे पाच टक्के व्याजाचे सरकारी रोखे. सहाशेवर वर्षाला तीस पौंड. आयुष्यात पहिल्यांदाच तिला भावांकडे मागायला न लागणारं उत्पन्न होतं, 'सुझन'च्या किमतीच्या तिप्पट, दर वर्षी.

डिसेंबर १८१७ मध्ये मरीने 'नॉर्दँगर ॲबी' आणि 'पर्स्वेजन' एकत्र काढल्या: चार खंड, २४ शिलिंग, १७५० प्रती, दलालीवर. नवं नाव बहुधा हेन्रीनेच दिलं. त्याने लिहिलेल्या चरित्रटिपणात जेन ऑस्टिन हे नाव लेखिका म्हणून पहिल्यांदा छापलं गेलं, शीर्षकपृष्ठावर तेव्हाही नव्हतंच. नफा पाचशे पौंडांच्या वर गेला आणि तो गेला कॅसँड्राकडे, कारण मृत्युपत्राने बहुतेक सगळं तिचं होतं.

१८३२ मध्ये रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने सगळ्या सहा कादंबऱ्यांचे उरलेले हक्क गोळा केले. पाच कादंबऱ्यांचे २१० पौंड हेन्री आणि कॅसँड्राला मिळाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे ४० पौंड त्याला एगर्टनच्या वारसांना द्यावे लागले. पाचांतली एक, सरासरीने ४२ पौंडांची, क्रॉस्बीने दहा पौंडांना परत केलेली होती.